खिडकी बंद, दार उघडे

पालकसभा संपली, सगळे उठले, तरी नववीतल्या एका मुलाची आई बाकावरच बसून राहिली. मुलाचे गुण बरे होते, तक्रार काही नव्हती. आम्ही विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, अभ्यासाचं नाही. घरातलं बोलायचं आहे. तुम्ही शाळेतले कॉम्प्युटर बघता, म्हणून."

तिचे मियाँ कुवैतला नोकरीला आहेत. कुवैतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिकडे ते कामावरून येऊन, जेवून आठच्या सुमारास फोन लावतात, तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात. दिवसभरात घरच्यांची तोंडे दिसतात ती तेवढ्या अर्ध्या तासात. तीन आठवड्यांपासून तो अर्धा तासही हातचा गेला होता. चित्र गोठायचे, आवाज तुटायचा, मग फोन बंद. इंटरनेटवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. तो दुपारी यायचा आणि दुपारी सगळे सुरळीत असायचे. नवीन राउटर घेतला, पैसे गेले, फरक शून्य. शेवटी एका रात्री तिकडून शब्द आले, "तुम्हा लोकांना माझ्याशी बोलायचंच नसतं, असं सांगा सरळ." हे सांगताना तिचा आवाज बसला. मुलगा दाराशी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

शिक्षकाच्या नोकरीत मुलाची नजर वाचता येऊ लागते. आम्ही तिथे काही बोललो नाही. रविवारी असरनंतर आमच्या घरच्यांना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुलाचे नाना घरात होते.

संगणक चालू होता. पडद्यावर एकही खिडकी उघडी नव्हती. उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी जी बारीक चित्रे असतात, तिथला छोटा बाण दाबला, तर एक टॉरेंटचा प्रोग्रॅम चालू असल्याचे दिसले. मुलगा म्हणाला, "सर, मी तो बंद करतो रोज. खिडकी बंद करतोच." तो खोटे बोलत नव्हता. असे बरेच प्रोग्रॅम फुलीवर दाबले की बंद होत नाहीत, कोपऱ्यात जाऊन बसतात आणि काम चालूच ठेवतात. आत गेल्यावर हिशेब समोर होता : तीन आठवड्यांत घरात आलेला माल ११ जीबी आणि घरातून बाहेर गेलेला ३८ जीबी. आईने विचारले, "बाहेर म्हणजे कुणाकडे?" मुलाला उत्तर माहीत नव्हते.

हेच उत्तर या महिन्यात द्यायचे आहे, कारण हा प्रोग्रॅम आज पुष्कळ घरांत आहे आणि तो आणणारी मुले घरातल्या मोठ्यांपेक्षा दोन पावले पुढे आहेत. नुसते "काढून टाक ते" म्हणून भागत नाही. काय आहे ते समजून घेतले, तर त्याचा चांगला उपयोगही आहे.

नेहमी आपण एखादी फाइल उतरवून घेतो, तेव्हा ती एका कंपनीच्या मोठ्या संगणकावरून येते. दुकान एक, गिऱ्हाइके हजार. टॉरेंटमध्ये दुकान नाही. ज्यांना फाइल हवी आहे, तीच माणसे ती एकमेकांना देतात. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ साली ही पद्धत आणली. तिचे नाव बिटटॉरेंट. फाइलचे शेकडो-हजारो तुकडे करतात. कुणाकडे पहिला तुकडा आधी पोहोचतो, कुणाकडे सातशेवा. मग ज्याच्याकडे जे नाही, ते तो दुसऱ्याकडून घेतो.

आपल्या घरांना हे समजायला कुरआनखानी पुरे. तीस पारे समोर ठेवलेले असतात. कुणी पहिला उचलतो, कुणी अठरावा, कुणी अम्मा पारा. क्रमाची अडचण नसते. तासाभरात सगळ्यांचे मिळून खत्म पूर्ण होते. एकट्याला जे काम कित्येक दिवसांचे, ते वाटून घेतल्यावर एका बैठकीत होते. टॉरेंटचा वेग याच वाटणीतून येतो.

प्रत्येक तुकड्यावर गणिताने काढलेला एक ठसा असतो. तुकडा वाटेत बिघडला, तर ठसा जुळत नाही. प्रोग्रॅम तो तुकडा फेकून पुन्हा मागवतो. त्यामुळे फाइल जशीच्या तशी पोहोचते. पण इथेच मुले फसतात. ठसा एवढेच सांगतो की पाठवणाऱ्याने जे ठेवले, तेच आले. त्याने मुळात विष ठेवले असेल, तर विषही अगदी बिनचूक येते.

आता देण्याची बाजू. तुकडे घेत असतानाच आपला संगणक आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना देऊ लागतो. फाइल पूर्ण झाली तरी देणे चालू राहते. त्याला सीडिंग म्हणतात, म्हणजे बी पेरणे. या पद्धतीचा तोच पाया आहे. सगळ्यांनी नुसते घेतले, तर देणार कोण? पण किती द्यायचे, केव्हा द्यायचे याची मर्यादा आपण घातली नाही, तर प्रोग्रॅम आपणहून घालत नाही. वाट मोकळी दिसली की तो ती पूर्ण भरतो.

फोन तुटत होता तो यामुळेच. आपण कनेक्शन घेताना आत येणारा वेग विचारतो. बाहेर जाणाऱ्या वेगाची चौकशी कुणी करत नाही. व्हिडिओ फोनला दोन्ही लागतात : तिकडचा चेहरा आत येतो, आपला बाहेर जातो. परशुराम घाटात ट्रकांची रांग लागली की मागची रुग्णवाहिका कितीही भोंगा वाजवो, ती रांगेतच. त्या घरातल्या राउटरमध्ये टॉरेंटचे तुकडे ट्रकांसारखे रांग लावून उभे होते आणि आईचा आवाज त्यांच्यामागे अडकला होता. मुलगा दुपारी शाळेत असे आणि संगणक बंद. रात्री अभ्यास झाला की तो चालू. म्हणून इंटरनेटवाल्याला दुपारी काही सापडले नाही, आणि नवीन राउटरनेही काही झाले नाही.

आम्ही टॉरेंट पूर्ण बंद करून तिथल्या तिथे वेग मोजला. बाहेर जाण्याचा वेग ८ एमबीपीएस निघाला. हा आकडा बिटमध्ये असतो आणि टॉरेंटचे आकडे बाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, साधारण ९७५ केआयबी. हा भागाकार प्रत्येकाने आपल्या घरी एकदा करावा. पुढची सगळी मांडणी त्यावर आहे.

मुलाचा जुना प्रोग्रॅम जाहिरातींनी भरलेला होता. तो काढून टाकला आणि क्यूबिटटॉरेंट बसवला. तो फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि त्याचा मूळ कोड कुणालाही तपासता येतो. तो त्याच्या स्वतःच्या अधिकृत जागेवरूनच घ्यावा. मिळत्याजुळत्या नावाच्या जागा असतात, त्यांच्यापासून दूर राहावे. मग ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन मुलाच्याच हाताने एकेक गोष्ट करून घेतली.

पहिली, ‘बिहेवियर’. इथे दोन खुणा पाहायच्या. विंडोज सुरू होताच प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा का, आणि फुली दाबल्यावर तो कोपऱ्यात जाऊन बसावा का. दोन्ही काढल्या. आता खिडकी बंद म्हणजे खरोखर बंद.

दुसरी, ‘डाउनलोड्स’. उतरणाऱ्या फाइलींसाठी वेगळा फोल्डर केला, तोही घरचे फोटो आणि कागदपत्रे नाहीत अशा ड्राइव्हवर. टॉरेंट फक्त त्याच्या यादीतल्या फाइली वाटतो, इतर फोल्डरला हात लावत नाही. पण लाइमवायरसारखे जुन्या काळचे प्रोग्रॅम फोल्डरच्या फोल्डर वाटत. चुकीचा फोल्डर निवडला की घरची कागदपत्रेही बाहेर दिसत. सवय म्हणून वेगळी जागा बरी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ‘स्पीड’. अपलोडच्या चौकटीत शून्य किंवा अनंताची खूण असेल, तर मर्यादा नाही असा अर्थ. आपल्या बाहेर जाण्याच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. इथे ९७५चे निम्मे, म्हणून ४८० घातले. त्याखालीच पर्यायी मर्यादा असते आणि तिला वेळापत्रक लावता येते. रात्री ९ ते १२ या वेळेत बाहेर जाणारा वेग १०० केआयबीवर आणला, म्हणजे एक एमबीपीएसच्याही आत. उरलेली सात एमबीपीएसची वाट अब्बांच्या फोनला मोकळी.

चौथी, ‘कनेक्शन’. यूपीएनपी नावाची एक खूण असते. ती असली की प्रोग्रॅम राउटरला सांगून बाहेरून आत येण्याचे दार उघडून घेतो. घरच्या साध्या वापराला त्याची निकड नाही. ती काढली की वेग थोडा कमी पडेल, पण काम होते, कारण आपला संगणक स्वतः बाहेर जाऊन इतरांशी जोडू शकतो. लहान गावांतल्या अनेक कनेक्शनांत एकच पत्ता पुष्कळ घरांत वाटलेला असतो. तिथे ही खूण ठेवूनही उपयोग होत नाही. ‘वेब यूआय’ म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून हा प्रोग्रॅम चालवण्याची सोय. ती बंदच असावी.

पाचवी, ‘बिटटॉरेंट’. इथे सीडिंगची हद्द ठरवता येते. आम्ही गुणोत्तर १ ठेवले : जेवढे घेतले तेवढे परत देऊन झाले की काम थांबावे. घेताना माप भरून आणि देताना कमी, अशी वृत्ती आपल्याला शोभत नाही. मापात खोट करणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे मुलांना मदरशातच शिकवलेले असते. पण घेतल्याच्या साडेतीन पट देत राहायचे आणि घरच्या माणसाचा आवाज अडवायचा, हाही न्याय नव्हे. याच पानावर ‘अनॉनिमस मोड’ अशी एक खूण आहे. तिच्या नावावर जाऊ नये. तिने आपला इंटरनेटचा पत्ता लपत नाही. जे जे तीच फाइल घेत-देत असतात, त्या सर्वांना तो दिसतो.

आणखी दोन गोष्टी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टॉरेंट उघडू नये. दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा कधी संपला ते कळणारही नाही. आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलच्या नावाचे शेपूट दाखवण्याची खूण चालू करावी. विंडोज ते शेपूट मुळात लपवून ठेवते. त्यामुळे नाव वाचून मुलाला वाटते चित्रपट आहे, आणि खरे शेपूट ‘ईएक्सई’ असते, म्हणजे चालू होणारा प्रोग्रॅम. त्या घरच्या यादीत अशी एक फाइल होती. नशिबाने ती अजून उघडलेली नव्हती. आम्ही ती पुसली आणि यंत्राची पूर्ण तपासणी लावली.

यादीत बाकी काय होते? तीन नवे चित्रपट, एक खेळ आणि दहावीच्या खासगी प्रकाशनाच्या गाइडांचा गठ्ठा. नाना खुर्चीत बसले होते. त्यांना चित्रपटाचे वाईट वाटले. आम्हाला गाइडांचेही तितकेच वाटले. मुलगा म्हणाला, "सर, मी विकत नाही कुणाला. फक्त बघतो."

आम्ही त्याला तो ३८ जीबीचा आकडा पुन्हा दाखवला. फक्त बघणारा काही वाटत नाही. टॉरेंटमध्ये घेणारा त्याच क्षणी वाटणाराही असतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू अनोळखी लोकांना वाटण्याचे काम तीन आठवडे त्या घरातून चालले होते आणि कनेक्शन होते अब्बांच्या नावावर. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, पण त्याने गुन्हा गुन्हा राहायचा थांबत नाही. टॉरेंट हा प्रोग्रॅम बेकायदा नाही, हेही तितकेच खरे. सुरीने भाजी चिरावी की दुसरे काही करावे, हे हातावर आहे.

दीनच्या बाजूने हा प्रश्न अनेक वाचक विचारतात. लेखन-प्रकाशनाचा हक्क ही मालमत्ता मानावी का, यावर उलेमांत पूर्वीपासून वेगवेगळी मते होती. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवैतच्या अधिवेशनात ठराव केला, की लेखनाचे आणि शोधाचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही मुलाला एवढेच विचारले, "तुझे अब्बा कुवैतला महिनाभर राबतात. महिन्याच्या शेवटी मालक म्हणाला, काम आवडलं, पण पैसे कशाला, तुम्ही काही विकलं नाहीत, तर?" तो काही बोलला नाही. गाइड लिहिणारा बहुधा आमच्यासारखाच एक मास्तर असतो, हेही त्याला सांगितले. फाइली त्याने स्वतःच्या हाताने पुसल्या.

मग प्रोग्रॅम ठेवायचा कशाला, असे आईने विचारले. रास्त प्रश्न. हक्काच्या आणि मोफतच्या वस्तूही याच वाटेने येतात. शाळेच्या संगणक खोलीत चार जुनी यंत्रे धूळ खात आहेत. विंडोज त्यांना झेपत नाही. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या त्यांवर चालतात. उबंटू, डेबियन यांच्या संस्था स्वतःच आपल्या फाइलींचे टॉरेंट देतात. उबंटूची फाइल पाच-सहा जीबीची. कनेक्शन मध्येच तुटले, तर टॉरेंट जिथे थांबला तिथून पुढे चालू होतो. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावाला याची किंमत कळते. अर्जविनंत्या, प्रश्नपत्रिका लिहायला लागणारे लिब्रेऑफिस असेच मिळते. ब्लेंडर संस्थेने २००८ साली केलेला ‘बिग बक बनी’ हा छोटा कार्टूनपट वाटायला मोकळा आहे, आणि लहान मुले तो हसत बघतात.

इंटरनेट आर्काइव्हवर जुनी उर्दू पुस्तके ढिगाने आहेत आणि बहुतेक पुस्तकांना टॉरेंटची सोय आहे. पण तिथे आहे म्हणून मोकळे आहे, असे समजू नये. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. अल्लामा इक्बाल यांचे निधन १९३८ साली झाले. त्यांच्या हयातीत छापलेली शायरी केव्हाच हक्कमुक्त झाली आहे. मात्र त्याच शायरीचा आजचा अनुवाद, आजच्या संपादकाच्या टिपा किंवा कुणी गाऊन केलेले ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. हाच नियम नातच्या नव्या अल्बमना लागू. पाठ्यपुस्तकांसाठी तर टॉरेंटची गरजच नाही. बालभारती आपली पुस्तके, उर्दू माध्यमाचीसुद्धा, पीडीएफमध्ये फुकट देते.

इथे विषय संपला असता. पण चहा घेताना आईने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे एका चौकटीची खूण होती, चौकट नव्हती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले, तेव्हा त्यांचेही घर बुडाले. निकाहाचा अल्बम चिखल झाला, सीडी गेल्या, मरहूम सासूबाईंचा एकुलता एक मोठा फोटो गेला. "सगळं यांच्या लॅपटॉपवर आहे कुवैतला," ती म्हणाली. "जाताना कॉपी घेऊन गेले होते. आता आम्ही मागितले, तर म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवर कसे पाठवू, हजारभर आहेत, आणि पाठवले की पुसट होतात." मुलगा पटकन म्हणाला, "सर, टॉरेंट करू या ना त्याचं!"

आम्ही त्याला थांबवले, आणि वाचकांनाही इथेच थांबवतो. घरचे फोटो टॉरेंटने कधी पाठवू नयेत. टॉरेंट सार्वजनिक वाटपासाठी केलेली पद्धत आहे. त्याची खूण ज्याच्या हाती पडेल, तो आपल्याला न विचारता फाइल घेऊ शकतो. निकाहाच्या अल्बमात बायकांच्या बाजूचे फोटो असतात. मेहंदीच्या रात्रीचे, घरातल्या घरात काढलेले. ते कुणी बघावेत हे ज्या बायका त्यात आहेत त्यांनी ठरवायचे. त्यांनी आपल्यासमोर ओढणी बाजूला केली, ती आपल्यावरच्या भरवशाने. ती अमानत आहे.

यासाठी सिंकथिंग नावाचा दुसरा प्रोग्रॅम आहे. तोही फुकट, तोही एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल देणारा, मध्ये कुठल्या कंपनीच्या गोदामात प्रत न ठेवणारा. फरक असा, की इथे दोन्ही घरांनी एकमेकांना ‘हो’ म्हणावे लागते. प्रत्येक यंत्राला सात-सात अक्षरांच्या आठ गटांची एक ओळख मिळते. इथल्या यंत्रात तिकडची ओळख घालायची, तिकडच्या यंत्रात इथली. नुसती ओळख कुणाला कळली, तरी तो आत येऊ शकत नाही. मग कोणता फोल्डर कुणाला द्यायचा ते नाव घेऊन ठरवायचे. सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. थेट जोडणी झाली नाही, तर तो मधल्या एखाद्या यंत्रावरून पुढे सरकतो, पण त्या यंत्राला आत काय आहे ते वाचता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी, कुवैतला सुट्टी असताना, दोन्ही बाजूंनी हे बसवले. काळजी घेतली ती अशी. प्रोग्रॅमच्या पानाला पासवर्ड लावला. तिकडचा फोल्डर ‘सेंड ओन्ली’ आणि इकडचा ‘रिसीव्ह ओन्ली’ केला, म्हणजे इथे धाकट्याने खेळता खेळता काही पुसले, तरी तिकडची मूळ प्रत शाबूत. फोल्डर दोन्ही बाजूंनी मोकळा ठेवला, तर एका घरी पुसलेला फोटो दुसऱ्या घरीही पुसला जातो, हे अनेकांना फार उशिरा कळते. म्हणून ‘फाइल व्हर्जनिंग’मध्ये जाऊन कचरापेटीचा पर्याय चालू केला. दुसऱ्या घरी पुसलेली फाइल मग आपल्याकडच्या पेटीत राहते. इथेही वेगाची मर्यादा घातली. दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असली तरच काम पुढे सरकते, म्हणून वेळ ठरवली. आणि शेवटी सगळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क मामूंच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवायला सांगितली. पुराचे पाणी चढलेल्या गावाला वरच्या मजल्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

त्याआधी एक काम मुलाने स्वतः केले होते. रविवारी रात्री साडेदहाला अब्बांचा फोन आला. आई बोलायच्या आत त्याने फोन हातात घेतला आणि म्हणाला, "अब्बा, अम्मीची चूक नव्हती. फोन माझ्यामुळे तुटत होता." आईने हे आम्हाला नंतर सांगितले. तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. तिला वाटले, पुन्हा अडकला. पण चित्र हलत होते.

घरासाठी आम्ही चार ओळी लिहून राउटरच्या वर चिकटवल्या आहेत. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याला माहीत नसलेला प्रोग्रॅम त्यावर चालणार नाही. फाइल कुणाच्या मालकीची आहे हे उतरवण्याआधी विचारायचे. घरच्या फोटोतल्या माणसाला विचारल्याशिवाय फोटो घराबाहेर जाणार नाही. झोपण्यापूर्वी कोपऱ्यातला बाण दाबून बघायचा.

फोटो सगळे यायला तीन शुक्रवार लागले. दादीचा मोठा फोटो दुसऱ्या शुक्रवारी आला. तो छापून आणला आहे. भिंतीवरची खूण झाकली गेली, पण चौकट थोडी लहान पडली, म्हणून खालची रेघ अजून दिसते.